सुट्या भागांच्या फेहरिस्तीचे कूळ

भंडारा जिल्ह्यातून पूर्वेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गडेगाव येथे अशोक लेलँडचा जो कारखाना आहे, त्यात जड वाहनांचे गियरबॉक्स तयार होतात. आणि गियरबॉक्स ही वस्तू बाहेरून एकसंध दिसली, तरी शाफ्ट, दातेरी चक्रे, बेअरिंग, सिंक्रोनायझर, सील अशा अनेक जिनसांचा तो एक सुघटित समुच्चय असल्यामुळे, अशा कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात एक फेहरिस्त अनिवार्यपणे असते. कोणत्या जोडणीत कोणता भाग, किती नग, हे सांगणाऱ्या या फेहरिस्तीला कामगारांपासून व्यवस्थापकांपर्यंत सारे ‘बीओएम’ म्हणतात. संगणकशास्त्रात आज ज्या दोन गोष्टी परस्परांहून अगदी भिन्न समजल्या जातात, म्हणजे माहितीला आलेखरूपाने प्रश्न विचारण्याची पद्धती आणि सॉफ्टवेअरची लायब्ररी पॅकेज करून वाटण्याची पद्धती, त्या दोन्ही याच फेहरिस्तीच्या पोटच्या आहेत, असे माझे प्रतिपादन आहे.

आलेखरूप प्रश्नपद्धतींत आज सर्वांत रूढ असलेल्या ग्राफक्यूएलचा ज्ञात इतिहास थोडक्यात सांगता येतो. २०१२ साली फेसबुकमध्ये निक श्रॉक, ली बायरन आणि डॅन शेफर यांनी ती रचली, २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१८ मध्ये तिचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपविण्याचे जाहीर झाले. माहिती पुरविणाऱ्याने आपल्या दप्तरातील वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध स्कीमा नावाच्या पत्रकात प्रथम जाहीर करावेत, आणि मागणाऱ्याने एका वस्तूपासून निघून तिच्या पोटातील वस्तू, त्यांच्याही पोटातील वस्तू, असा आपल्याला हवा तेवढाच तपशील मागावा, की उत्तरही त्याच घाटाचे मिळते, एवढे तिचे मर्म.

या पद्धतीच्या कुळाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मताचे लोक थेट १७३६ पर्यंत मागे जातात आणि केनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडविणाऱ्या ऑयलरला मूळपुरुष ठरवितात. दुसऱ्या मताचे लोक नावातील ‘क्यूएल’ या अक्षरांवर भिस्त ठेवून तिला कोष्टकांतील माहितीला प्रश्न विचारणाऱ्या एसक्यूएल या भाषेची धाकटी बहीण म्हणतात. पहिल्या मतात गणित खरे असले, तरी पुलांवरून फिरणाऱ्या नागरिकापासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंतची मधली सारी वंशावळ कोरी राहते. आणि दुसऱ्या मताला केवळ नामसादृश्याचा आधार आहे. ती कोरी जागा ज्या एका मनुष्याने भरून निघते, त्याची गाठ पडल्यापासून मला या विषयाने पछाडले आहे.

त्याचे जन्मनाव एन्द्रे वाइसफेल्ड. बुडापेस्टमध्ये त्याच्या वडिलांचे पादत्राणांचे दुकान होते, आणि पुढे जगद्विख्यात झालेला गणिती पॉल एर्डॉश हा त्याचा तरुणपणापासूनचा स्नेही. ऑयलरच्या पुलांचा प्रश्न अनंत आलेखांपर्यंत विस्तारणारा जो निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा एर्डॉश आणि ग्रुनवाल्ड यांच्याबरोबर हाही सहलेखक आहे. यहुद्यांवरील वाढत्या संकटाच्या त्या काळात आडनाव बदलून तो वाझोनी झाला, अमेरिकेत गेल्यावर अँड्रू वाझोनी झाला, आणि तेथे विमाने व क्षेपणास्त्रे बनविणाऱ्या उद्योगात नोकरीला लागला. ऑयलरच्या शुद्ध परंपरेतला हा पंडित अशा रीतीने सुट्या भागांच्या फेहरिस्तीसमोर येऊन बसला, आणि ती पाहताच तिच्यात त्याला आलेख दिसला.

त्याने केले ते असे. प्रत्येक भाग म्हणजे एक बिंदू मानावा. एखादा भाग दुसऱ्यात थेट बसत असेल, तर त्यांच्यामध्ये बाण काढावा आणि बाणावर नगांची संख्या लिहावी. समजा, एका गियरबॉक्समध्ये तीन शाफ्ट, प्रत्येक शाफ्टला दोन बेअरिंग आणि आच्छादनात आणखी एक असेल, तर एकंदर बेअरिंग सात. परंतु फेहरिस्तीत कोठेही ‘सात’ लिहिलेले नसते, तेथे फक्त तीन, दोन आणि एक असे थेट आकडे असतात. हे थेट आकडे चौकोनी कोष्टकात मांडून, त्या कोष्टकाला त्यानेच पुन्हा पुन्हा गुणून बेरीज घेत गेले, की एकंदर गरज हाती येते. आणि कोणताही भाग स्वतःच्याच पोटात जाऊ शकत नसल्यामुळे तो गुणाकार काही पायऱ्यांनंतर आपोआप शून्यावर थांबतो. या आकृतीला त्याने झेपार्ट्झात गोझिंटो नामक एका इटालियन गणितज्ञाचे नाव दिले. असा गणितज्ञ कधी झालाच नाही. ‘त्यात जाणारा भाग’ या अर्थाचे इंग्रजी शब्द भरभर उच्चारले असता जो ध्वनी होतो, तेच हे नाव. जर्मन भाषेतील उत्पादनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र ‘गोझिंटोग्राफ’ हा शब्द आजही पूर्ण गांभीर्याने छापला जातो.

वाझोनीने गणित दिले. ते संगणकाच्या स्मृतीत वसविण्याचे श्रेय चार्ल्स बाखमनचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्याने १९६३ च्या सुमारास इंटिग्रेटेड डेटा स्टोअर ही प्रणाली सिद्ध केली, तीच मुळी कारखान्याच्या उत्पादन-नियंत्रणासाठी. तीत नोंदी एकमेकींना साखळीने जोडलेल्या असत. प्रत्येक भागाच्या नोंदीपासून एक साखळी ‘याला काय काय लागते’ या दिशेने आणि दुसरी ‘हा कुठे कुठे लागतो’ या दिशेने जात असे, आणि प्रश्न विचारणारा एका नोंदीवरून दुसरीवर चालत जाई. १९७३ चा ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना बाखमनने जे व्याख्यान दिले, त्यात त्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नावाड्याप्रमाणे मार्ग काढणारा म्हटले. वाझोनीचे बिंदू आणि बाण, व बाखमनच्या नोंदी आणि साखळ्या, यांतील साम्य मला योगायोग वाटत नाही. दोघांसमोर एकच फेहरिस्त होती, म्हणून दोघांच्या हातून एकच आकृती उमटली, हा माझा निष्कर्ष आहे. चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाच्या भागांसाठी आयबीएमने त्याच दशकात आयएमएस ही प्रणाली उभारली, हा आणखी एक दाखला.

एसक्यूएलवाल्यांची बाजू येथे प्रामाणिकपणे तपासली पाहिजे. त्यांचा आद्यग्रंथ म्हणजे एडगर कॉडचा १९७० चा निबंध. साखळ्यांवरून चालत जाण्याची पद्धत मोडून काढून त्या जागी कोष्टके आणावीत, असा त्याचा आग्रह. पण त्या निबंधातील उदाहरणे पाहिली तर तेथेही पुरवठादार, भाग, प्रकल्प आणि नग आहेत. एका उदाहरणात तर ‘घटक’ नावाचे कोष्टक असून त्याचे स्तंभ भाग, भाग आणि संख्या असे आहेत. हे बीओएमच नव्हे तर दुसरे काय? म्हणजे एसक्यूएल खरोखरच बहीण ठरली, तरी आई तीच राहते.

आता पॅकेजकडे वळू. १९९३ मध्ये इयन मर्डॉकने सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स-प्रणालीमध्ये प्रत्येक पॅकेजबरोबर एक नियंत्रण-पत्रक असते, आणि ‘हे चालण्यासाठी कोणकोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची लागतात’ हा त्यातील मुख्य मजकूर. येथेही फक्त थेट गरजा लिहायच्या. पोटातल्या पोटातल्या गरजांचा विस्तार करण्याची तजवीज यंत्राकडे. पायथनमधील ग्राफीन ही लायब्ररी ग्राफक्यूएल-कोर वगैरे आपल्याला थेट लागणारी पॅकेजेच सांगते. कोरला पुढे काय लागते याची उठाठेव ती करीत नाही. उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे या पॅकेजवर कोण कोण विसंबून आहे, हा विचारण्यासाठी डेबियनमध्ये निराळी आज्ञा आहे, आणि ती बाखमनच्या ‘कुठे लागतो’ या साखळीचीच प्रतिकृती आहे.

जावास्क्रिप्टमधील मूळ ग्राफक्यूएल लायब्ररीने तर हे नाते फारच स्पष्ट केले आहे. स्वतः ती कोणत्याही दुसऱ्या पॅकेजवर विसंबत नाही. पण एका प्रोग्रॅममध्ये तिच्या दोन प्रती शिरल्या, मग त्या एकाच आवृत्तीच्या का असेनात, तर एका प्रतीने घडविलेली वस्तू दुसरी प्रत आपली म्हणून ओळखत नाही आणि काम त्रुटी दाखवून थांबते. म्हणून तिच्याभोवती साधने रचणारे तिला आपल्या पॅकेजमध्ये भरत नाहीत. ‘हा भाग मुख्य जोडणीने पुरवावा, सर्वांनी तोच एक वापरावा’ असे ते ‘पीअर’ या सदरात लिहितात. जॉबवर्क करणारे लघुउद्योजक हे सदर ताबडतोब ओळखतील. मूळ कंपनी जो माल स्वतः पुरविते त्यास ते ‘फ्री इश्यू’ म्हणतात, आणि तो स्वतः विकत आणून बसविण्याची मुभा त्यांना नसते.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप मी अखेरीस ठेवला आहे. कितीही खोल असलेला बीओएम एका प्रश्नात संपूर्ण उलगडून मागावा, तर ग्राफक्यूएलमध्ये ते शक्य नाही. प्रश्नाचा तुकडा स्वतःलाच पुन्हा बोलावू शकत नाही, असा तिच्या नियमावलीत निर्बंध आहे, आणि म्हणून किती पातळ्या हव्यात त्या आधीच मोजून लिहाव्या लागतात. उलट, एसक्यूएलमध्ये १९९९ च्या मानकापासून असा पुनरावर्ती प्रश्न विचारता येतो. मग मुलीला आईचेच काम कसे जमत नाही? उत्तर पाहावयाचे तर ते कारखान्याच्या दप्तरातच आहे. तेथेही प्रत्येक जोडणीचे पत्रक एकाच पातळीचे असते, आणि संपूर्ण विस्तार हा त्या पत्रकांवरून वेगळा हिशेब करून काढावा लागतो. फेसबुकच्या दप्तरात तर मित्राचा मित्र पुन्हा आपणच निघतो. तेथे अनिर्बंध उलगडा कधी संपलाच नसता. तेव्हा हा निर्बंध म्हणजे कुळाचा त्याग नसून, वर्तुळे असलेल्या प्रदेशात गेल्यावर स्वीकारलेली आवश्यक सावधगिरी आहे.

सॉफ्टवेअरच्या जगाने आता हे नाव उघडपणे परत घेतले आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी खरेदीतील सॉफ्टवेअरसाठी त्याच्या घटकांचा बीओएम मागण्याची दिशा घालून दिली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याकडे सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इननेही त्याविषयीच्या तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भंडारा, तुमसर, साकोली या भागातील जी मुले आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी कारखान्यात काम करणारे कोणी ना कोणी असेल; आपले पहिले पॅकेज बांधण्यापूर्वी त्यांनी त्या व्यक्तीजवळ बसून, एखाद्या यंत्राचा बीओएम कसा वाचतात हे समजून घ्यावे, आणि ‘कुठे लागतो’ हे सदर कसे भरतात ते अवश्य विचारावे.