रविवार मागून मिळवलेला

रविवारी सुट्टी का असते, असे वर्गात विचारले की मुले म्हणतात, "इंग्रजांमुळे." हे उत्तर अर्धेच खरे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार भांडून मिळवावा लागला.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांच्या कामाचे तास ठरवले. मोठ्यांचा त्यात विचारच नव्हता. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत गिरणी चाले. पगार वेळेवर मिळत नसे. कामावर ठेवणे-काढणे जॉबरच्या मर्जीवर असे. या कामगारांत कोकणातले, देशावरचे लोक होते, तसे उत्तरेतून येऊन मदनपुऱ्यात वसलेले आपले मोमीन विणकरही होते.

महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र केले. सुमारे ५,५०० जणांचा अर्ज तयार झाला. त्यात पाच मागण्या होत्या : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

यात पगारवाढ कुठेच नाही, याचे मला नवल वाटते. घरात ददात नव्हती असे थोडेच होते? तरी या गरीब माणसांनी आधी स्वतःचा वेळ मागितला. मजुरी करतो म्हणून आमचे सगळे आयुष्य तुमचे झाले नाही, असाच त्या अर्जाचा अर्थ मी लावतो.

एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन स्त्रियाही तिथे बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. वार वेगळा, हक्क तोच. पण आपल्याच दुकानांत, कारखान्यांत, संस्थांत काय चालते? सुट्टीच्या दिवशी फोन उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत पाणउतारा होतो. रजा मागणाऱ्याची उलटतपासणी होते. पगाराची तारीख विचारणे ही गुस्ताखी ठरते. असे वागणारे काही जण जुम्म्याला पहिल्या सफेत उभे असतात.

नोकराची रजा, त्याची जेवणाची वेळ आणि पगाराची तारीख एवढे तरी प्रत्येक मालकाने पाळावे. १८८४ चा अर्ज याहून फार मोठे काही मागत नव्हता.