उत्तर नसलेले गणित

असोद्याला आमची वांग्याची शेती. वडील शाळेत गेलेले नव्हते. मी नववीत असताना त्यांनी व्यापाऱ्याच्या दोन चिठ्ठ्या माझ्यापुढे टाकल्या. पहिलीत दोन टोपल्या वांगी, तीन टोपल्या मिरची, १३० रुपये. दुसरीत चार टोपल्या वांगी, सहा टोपल्या मिरची, २५० रुपये. दोन्ही दिवशी भाव तोच ठरलेला होता. टोपलीचा भाव काढ, म्हणाले. पहिल्या समीकरणाची दुप्पट करून त्यातून दुसरे वजा केले, तर दोन्ही अक्षरे उडाली आणि उरले शून्य बरोबर दहा. माझेच चुकले असे समजून मी गप्प बसलो.

पुढे इतिहासाच्या नादाने चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. त्याचा, १२०७ च्या सुमाराचा, शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाच्या जुन्या मराठीतील भागात बाजारातल्या मालावरचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आहे. म्हणजे या बीजगणिताच्या पोटापाण्याची सोय बाजारच करत होता!

मग ग्रंथ वाचायला घेतले. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. ‘बीजगणिता’त अज्ञात राशी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशा नावांनी मांडल्या आहेत. एक जण म्हणतो, मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट होईन. दुसरा म्हणतो, तू दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. उत्तर ४० आणि १७०.

पण मला अडवले ते कुट्टकाने. पूर्णांकांतली उत्तरे काढायची ही रीत. तिच्या आरंभीच आचार्य बजावतात : भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपाला जात नसेल, तर ते उदाहरणच ‘दुष्ट’. सहा आणि नऊ रुपयांच्या वस्तू घेऊन बरोबर शंभर रुपये कधीच होणार नाहीत. तिन्हीने शंभरला भाग जात नाही.

माझ्या चिठ्ठ्यांचा प्रकार वेगळा. तिथे अपूर्णांकही कामाला येत नाहीत. तरी निवाडा तोच : दोष सोडवणाऱ्याचा नाही, विचारलेल्या गोष्टीचा आहे. तीच दहाची बाकी आमचे बुडालेले दहा रुपये होते.

हे वडिलांना समजावून सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “मग तेव्हाच का नाही बोललास?”