पेयजलातील फ्लोराइड : एका प्रमाणाचा इतिहास

पेयजलातील फ्लोराइडासंबंधीचा वाद बहुधा ‘हितकर की अहितकर’ अशा दोन पक्षांत मांडला जातो. या मांडणीत एक गोष्ट दृष्टिआड होते. या द्रव्याचा गुण आणि दोष यांचा शोध एकाच निरीक्षणातून लागला आहे. तो क्रम तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायास आले. तेथील पुष्कळ रहिवाशांच्या दातांवर त्यांना तपकिरी डाग दिसले. पुढे १९०९ पासून जी. व्ही. ब्लॅक या ख्यातनाम दंतशास्त्रज्ञांचे साहाय्य त्यांना लाभले. तेथे जन्मलेल्या सुमारे ९० टक्के मुलांत हा विकार आढळला. मात्र हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, हेही लक्षात आले. कारण पाण्यात असावे असा तर्क होता. परंतु नित्याच्या रासायनिक पृथक्करणात काही सापडेना. आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या गावीही असेच दात दिसून आले. तेथील अॅल्युमिनियम कंपनीचे रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी १९३१ मध्ये ते पाणी वर्णपटाच्या साहाय्याने तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइड सापडले.

त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी अनेक नगरांतील पाणी व मुलांचे दात यांची तुलना केली. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असल्यास दंतक्षय घटतो आणि डाग नाममात्र राहतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या आधारे मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे २५ जानेवारी १९४५ रोजी नगराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. अकरा वर्षांनंतर, या योजनेनंतर जन्मलेल्या मुलांत दंतक्षय ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले.

याच काळात भारतात या प्रश्नाचे दुसरे रूप प्रकट होत होते. १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याचे वृत्त प्रसिद्ध केले. तेथे विकार दातांपुरता राहिला नव्हता. वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांचे कणे ताठरले होते आणि सांधे आखडले होते. म्हणजे अमेरिकेपुढे फ्लोराइड मिसळण्याचा प्रश्न होता, तर आपल्यापुढे ते काढून टाकण्याचा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात चुना व तुरटी यांच्या योगे पाणी निवळण्याची जी रीत सिद्ध केली, तिला ‘नलगोंडा’ हे एका पीडित जिल्ह्याचेच नाव मिळाले. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधन विहिरींत हा दोष आढळतो.

येथे मुख्य मुद्दा उपस्थित होतो. प्रमाण पाण्याच्या लिटरमागे ठरविले जाते. शरीरात जाते ती मात्र प्याल्या गेलेल्या सर्व पाण्यातील व अन्नातील एकूण मात्रा. उन्हात राबणारा शेतमजूर थंड प्रदेशातील नागरिकापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो. अमेरिकेने १९६२ साली हवामानानुसार ०.७ ते १.२ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली, ती हेच ओळखून. फ्लोराइडयुक्त दंतमंजनांचा प्रसार झाल्यावर पाण्यातील मिश्रणाचा लाभ पूर्वीपेक्षा कमी दिसू लागला, आणि २०१५ साली तेथे सर्वत्र ०.७ हे एकच प्रमाण सुचविले गेले. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडाचा मुलांच्या बुद्ध्यंकातील घटीशी संबंध आढळतो, असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष २०२४ च्या एका अमेरिकी शासकीय अहवालाने काढला; ०.७ या प्रमाणाविषयी त्याने निर्णय दिलेला नाही. भारतीय मानकात १ ही स्वीकारार्ह, तर अन्य जलस्रोत नसल्यास १.५ ही कमाल मर्यादा आहे.

सारांश, ग्रँड रॅपिड्सचा लाभ आणि नेल्लोरची व्यथा परस्परांचे खंडन करीत नाहीत. एकीच्या पुराव्याने दुसरीचा निकाल लावणे हीच चूक होय. ज्या गावी विहीर हाच एकमेव आधार आहे, तेथे प्रथम त्या पाण्याची मोजणी झाली पाहिजे. मताचा प्रश्न त्यानंतरचा.