पुलाखालून

मराठी भाषा नदीविषयी बोलते तेव्हा ती बहुधा नदी ओलांडण्याविषयीच बोलत असते. तरणे, तारणे, तारू, तीर्थ ही सगळी 'तॄ' या एकाच धातूची लेकरे, आणि त्या धातूचा अर्थच मुळी पार जाणे. नदीतल्या उथळ, पायी पार करण्याजोग्या जागेला आपण 'उतार' म्हणतो. प्रवासी हा तर आपल्याकडे 'उतारू'च. संतवाङ्मयातली भवनदी या काठावरून त्या काठावर जाण्यासाठी असते, आणि तिचे सारे माहात्म्य पैलतीरात साठलेले असते. प्रवाहाच्या दिशेने, नदीच्या लांबीने कोणी चालले आहे असे चित्र या शब्दसंपत्तीत शोधूनही क्वचितच सापडते.

ही सवय जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातले 'सेतुबंध' हे महाकाव्य वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर आहे. समुद्रावर पूल बांधण्याच्या त्या काव्याचा कर्ता विदर्भात, समुद्रापासून शेकडो मैल दूर राज्य करीत होता, ही गोष्ट आम्हाला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. ज्याला सैन्य पलीकडे न्यायचे असते त्याला सेतू दिसतो. त्या सेतूने ज्याची वाट अडेल अशा नावाड्याची तक्रार महाकाव्यात कोण नोंदवणार?

देशावरच्या नद्यांचा स्वभाव पाहता या सवयीला दोष देता येत नाही. त्या पावसाळ्यात उन्मत्त आणि उन्हाळ्यात कोरड्या. त्यांच्यावर तर चालत आणि नावाडी पोट भरीत, पण मालाने भरलेली गलबते त्यांतून फिरली नाहीत. थेरगावची पवनाच घ्या. केजुबाईच्या बंधाऱ्याने पाणी अडवले म्हणून तिथे बोट क्लब होऊ शकला. पुण्यातही बंडगार्डनच्या बंधाऱ्याने मुळा-मुठेचे पाणी तुंबवून धरले म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा रंगली. म्हणजे आमच्याकडे बोट चालते ती अडवलेल्या पाण्यात, आणि तिची सीमा बंधारा ठरवतो. पुलाची उंची ठरवताना इथे विचार होतो तो पुराचा. कधी तोही होत नाही. पुण्याचा भिडे पूल दर पावसाळ्यात स्वतःच पाण्याखाली जातो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. थेरगाव आणि चिंचवड यांना जोडणाऱ्या नव्या पुलाला लोक 'बटरफ्लाय पूल' म्हणतात. ते फुलपाखराचे पंख रस्त्याच्या वर आहेत. पुलाचे सौंदर्य, नाव, उद्घाटन, सारेच वरच्या अंगाला. खालून जाणारा कोणी नसतोच, हे गृहीत.

सह्याद्री उतरून कोकणात गेले की हे गृहीत कोसळते. तिथल्या नद्या आखूड, पण समुद्र त्यांच्या पोटात कित्येक मैल आत शिरतो. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूणचे गोवळकोट, अंबेवर नागोठणे, उल्हासवर कल्याण ही बंदरे समुद्रकिनाऱ्यावर नाहीत. भरतीचे पाणी जिथवर पोचते तिथे ती वसली. घाट उतरून आलेले बैलांचे तांडे आणि खाडीतून वर आलेली गलबते यांची गाठ तिथे पडे. नदी ही इथे रस्ता होती. रस्त्यावर आडवा येणारा पूल म्हणजे काय, हे त्या रस्त्यावरून चालणाऱ्याला विचारायला हवे.

तांडेलाचे गणित मोठे अवघड असते. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात 4 मीटरहून अधिक फरक पडतो, आणि तोही सहा तासांच्या आसपास. पूल जागचा हलत नाही, पाणी मात्र त्याच्याकडे चढत जाते. भरलेल्या मचव्याला खाडीतले उथळ पट्टे पार करायला भरती हवी. पण त्याच भरतीने तो पुलाच्या तुळईजवळ उचलला जातो. ओहोटीची वाट पाहिली तर वरची जागा वाढते आणि खालची माती जवळ येते. या दोन भयांच्या मध्ये जो थोडा वेळ उरतो, तेवढ्यात पूल गाठायचा. भांगाच्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी, म्हणून पूल सोपा. पण तेव्हाची भरती वरच्या बंदरापर्यंत पुरेलच असे नाही. शिवाय माल भरला की होडी पाण्यात खोल बसते आणि तिची पाण्यावरची उंची घटते. रिकामी होडी वर येते. त्यामुळे जाताना सहज पार झालेला पूल येताना आडवा येऊ शकतो. भरल्या होडीला तळाची भीती, रिकामीला पुलाची. शिडाच्या होडीला तर डोलकाठी आणि परमाण यांचे ओझे निराळेच. इंजिन आले आणि डोलकाठीची गरज संपली, तेव्हा हे गणित थोडे सैल झाले. पण केबिन, छप्पर आणि त्यावर उभे राहणारे उतारू आलेच.

जुन्या पूलबांधणाऱ्यांनी मात्र एक शहाणपण सांभाळले होते, मग ते हेतुपूर्वक असो वा पैशाच्या काटकसरीने. नागोठण्याला अंबा नदीवर दगडी कमानींचा एक अरुंद पूल आहे. चौलच्या काजी अल्लाउद्दीनने तो सुमारे 1582 मध्ये बांधल्याचे सांगतात. हा पूल जिथे आहे तिथेच गलबतांची मजल संपत असे. खालपर्यंत पाण्याची वाट, तिथून पुढे पायवाट, आणि दोहोंच्या सांध्यावर पूल आणि बंदर शेजारी शेजारी. चिपळूण-महाडकडेही जुने पूल साधारण असेच, भरतीच्या टोकापाशी. नदी तिथे अरुंद असते, पाया धरायला खडक मिळतो, आणि कोणाचीही वाट मोडत नाही. विसाव्या शतकात काँक्रीट आले तसे पूल खाडीतून खाली, समुद्राच्या दिशेने सरकत गेले. धरमतर, आंबेत, साळाव अशा पुलांनी रस्त्याचे अंतर कमी केले हे खरेच. त्यांनी खाडीलाही एक कायमची कमाल उंची नेमून दिली, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

कल्याणची कथा अधिक बोलकी आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीत झाला, असे आपण शिकतो आणि शिकवतो. 1 मे 1854 रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली, ती ठाण्याच्या खाडीवर पूल घालून. पुढच्या दशकात वसईच्या खाडीवर भाईंदर-नायगावचे पूल झाले. नंतर कळवा, काशेली, घोडबंदर, ऐरोली, वाशी. दुर्गाडीच्या पायथ्याशीही आता पूलच आहे. उंच डोलकाठीचे एखादे गलबत आज तिथून समुद्राकडे निघाले, तर दक्षिणेला ठाण्याची खाडी घ्या वा पश्चिमेला वसईची, पुलांची रांग चुकत नाही. 'गाळ साचला आणि बंदर बुडाले' हे वाक्य आपल्या स्थानिक इतिहासात इतक्या वेळा येते की ते निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. गाळ साचला, यात शंका नाही. रेल्वेने माल पळवला हेही खरे. पण गाळ उपसता येतो. पुलाची उंची ठरली की ती निदान शंभर वर्षांसाठी ठरते, आणि ती माणसाने ठरवलेली असते. गाळाला जबाबदार धरणे सोयीचे, कारण गाळावर कोणाची सही नसते.

गोव्यात हा प्रश्न लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला, कारण तिथे जलवाहतूक मेली नाही. मांडवी आणि जुवारी यांना आतल्या बाजूने जोडणारा कुंभारजुवेचा कालवा हा सुमारे 17 किलोमीटरचा. पावसाळ्यात अग्वादपाशी मांडवीच्या मुखातला वाळूचा दांडा धोक्याचा होतो, तेव्हा लोहखनिजाचे बार्ज या आतल्या वाटेने मुरगावकडे जात. फोंड्याचा रस्ता याच कालव्यावरून बाणस्तारीच्या पुलाने जातो. गाडीतल्या माणसाला तो दोन क्षणांचा पूल. बार्जवरच्या खलाशाला ती दिवसाच्या वेळापत्रकातली सर्वांत महत्त्वाची ओळ. 2012 मध्ये खाणकाम थांबले तेव्हा बार्ज नांगरून पडले आणि या ज्ञानालाही गिऱ्हाईक उरले नाही. याच गोव्यात 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, त्यावेळी पणजीला पुन्हा फेरीबोटीनेच तारले. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा तिथेही फेरीबोटच आली. पूल आला की होडी मागासलेली ठरते, पूल गेला की तिची आठवण होते.

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात पॉटर हायम नावाच्या गावी मध्ययुगीन दगडी पूल आहे. त्याची मधली कमान इतकी ठेंगणी की भाड्याने घेतलेले मोटरक्रूझर हौशी माणसाने स्वतः खालून नेऊ नये म्हणून तिथे वाटाड्या असे. तो पाण्याची पातळी बघे, काच पाडी, उतारूंना वाकायला लावी, आणि पाणी चढलेले असेल तर सरळ नाही म्हणे. आम्हाला कौतुक आहे ते त्या नकाराचे. पुलाखालची उरलेली जागा तिथे फळीवर लिहिलेली असते, म्हणजे तो पूल नदीच्या बाजूनेही वाचता येतो. आपल्या पुलांवर उद्घाटकाची कोनशिला असते, तीही रस्त्याकडे तोंड करून.

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात एकूण 111 जलमार्ग घोषित झाले. त्यांत अंबा, सावित्री, दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी, कुंडलिका, कल्याण-ठाणे-मुंबई, मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवेही आहेत. एका सहीने ते सारे पुन्हा रस्ते झाले. पण पूल जिथे होते तिथेच, आणि होते तेवढेच उंच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर माणसे गेली. नवा पूल वर्षभरात उभा राहिला. पुरापासून आणि भारापासून तो किती सुरक्षित, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. नुकत्याच राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आलेल्या त्या नदीतून उद्या कोणी होडी घेऊन वर आला तर त्याला किती जागा मिळेल, हा प्रश्न त्या चर्चेत आमच्या वाचनात आला नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांच्या मुखांवर मोठमोठे पूल योजले आहेत. त्यांच्या आराखड्यांत उंचीचा एक आकडा असेलच, आणि त्या आकड्याच्या वरची प्रत्येक होडी त्या दिवसापासून खाडीबाहेरची.