बगदादचे वादक

मंडळी, १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. युरोपातून बार्टोकसारखे संगीतकार ऐकायला आले होते. इराकच्या ताफ्यात गायक मुहम्मद अल-कुब्बांची मुसलमान आणि साथीचे वादक जवळजवळ सगळे ज्यू. यात कुणाला वावगं वाटलं नाही, बरं का! बगदादेत मकामाच्या साथीला ज्यू वादकच बोलवायचे, अशी रीतच होती. त्यांचं जोझा हे वाद्य नारळाच्या करवंटीचं, गजाने वाजवायचं. आपल्या रावणहत्थ्याचं भाऊबंदच म्हणा.

सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे भाऊ तर १९३६ मध्ये बगदाद रेडिओच्या वाद्यवृंदाचे कर्ते. लहानपणी त्यांची पहिली वाद्यं, व्हायोलिन आणि ऊद, काकांनी हिंदुस्थानातून आणली होती असं सांगतात.

मग आलं १९५०-५१. लाखाहून अधिक ज्यू इराक सोडून इस्रायलला गेले, त्यात हे भाऊही. रेकॉर्डी मागे राहिल्या, पण मैफलीत बसून वाजवणारे हात गेले. हाशिम अल-रजब यांनी संतूर आणि शऊबी इब्राहिम यांनी जोझा हाती घेतला, म्हणून बगदादेत ती साथ समोर बसून ऐकायला मिळत राहिली.

आणि कुवैती बंधू? तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत त्यांनी भांड्याकुंड्यांचं दुकान टाकलं. रेडिओवर अरबी कार्यक्रमात वाजवत, तेवढंच. दाऊदच्या नातवाने, दुदू तासाने, २०११ मध्ये त्यांच्या चाली नव्याने वाजवायला घेतल्या. आजोबांना त्याने पाहिलंही नव्हतं.