मृगया आणि दोन काडतुसे
शिरोड्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत, लहानखुरे भेकर व भारदस्त सांबर दोन्ही आढळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा रानांतील मृगयेसाठी दोन वेगवान, अल्पव्यासाची काडतुसे बाजारात आली : रिग्बीचे .२७५ (१९०७) व सॅव्हेजचे .२२ हाय-पॉवर (१९१२). दोहोंचा वेग सेकंदास सुमारे २,७०० ते २,८०० फूट. परंतु गोळीचे वजन अनुक्रमे १४० व ७० ग्रेन. हलकी गोळी भेकरास पुरेशी होती. सांबराच्या खांद्यावर ती फुटून उथळ जखम करण्याचा संभव असे, आणि घायाळ जनावर रानात तडफडून मरे. तात्पर्य, वजनाची उणीव वेगाने भरून निघत नाही. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व १९९१ ची दुरुस्ती यांनी ही निवड इतिहासजमा केली.