चेन्नईतील चित्रसंकलन : कात्रीपासून संगणकापर्यंत

चेन्नईचे रहिवासी अण्णा उड्डाणपुलास अद्यापि ‘जेमिनीचा पूल’ म्हणूनच ओळखतात. ज्या चित्रसंस्थेवरून हे नाव पडले, तो जेमिनी स्टुडिओ आता तेथे नाही; परंतु अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेल्या दृश्यांतून एक चित्र घडविण्याची या नगरीतील कथा त्या नावावाचून सांगता येणार नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला, त्यास कारण आहे. आज आपल्या घरची मंगलकार्ये आणि मंडळाचे उत्सवही दोन-तीन कॅमेऱ्यांनी टिपले जातात. आणि त्यांतले काय राखावे व काय गाळावे, हा निर्णय हळूहळू यंत्राच्या स्वाधीन होऊ लागला आहे.

चित्रपटाच्या क्षेत्रात महाराष्ट्र व मद्रास यांचे नाते जुने आहे. दक्षिणेतील आद्य मूकपट ‘कीचकवधम्’ निर्माण करणारे आर. नटराज मुदलियार यांना दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांपासून स्फूर्ती मिळाली, आणि चित्रीकरणाचे धडे त्यांनी पुण्यास घेतले. पुढे १९३४ साली प्रभात फिल्म कंपनीने बाबूराव पेंढारकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ बोलपट काढला.

१९४८ साली एस. एस. वासन यांचा ‘चंद्रलेखा’ प्रदर्शित झाला. त्यातील प्रचंड नगाऱ्यांवरील समूहनृत्य चार कॅमेऱ्यांनी चित्रित करण्यात आले होते. शेकडो नर्तकांचा तो मेळ प्रत्येक कोनासाठी पुन्हा जसाच्या तसा उभा करणे दुष्कर. म्हणून एकाच वेळी अनेक नेत्रांनी तो पाहावयाचा, ही त्यामागील युक्ती. परंतु चार नेत्रांनी पाहिलेले अखेर एकाच पडद्यावर यावयाचे असते. त्या काळी संकलकाने फितींच्या पट्ट्या टांगून ठेवाव्यात, मूव्हिओला यंत्रावर त्या पाहाव्यात, कात्रीने कापून जोडाव्यात, असा क्रम असे. आवाज आणि चित्र यांचा मेळ बसविण्यास क्लॅपच्या फळीचा ठोका हाच आधार.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी मद्रास दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि दूरचित्रवाणीची निराळी रीत या शहरात आली. येथे नियंत्रणकक्षात बसलेला निर्माता समोरच्या पडद्यांवर सर्व कॅमेऱ्यांची दृश्ये एकाच वेळी पाहतो आणि व्हिजन मिक्सरच्या कळीने त्यांतील एक निवडतो. थेट प्रक्षेपणात हा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. चित्रपटाच्या संकलकास लाभणारी सवड त्यास नसते.

या दोन्ही रीतींना एकत्र आणले ते संगणकाने. १९९४ सालचा कमल हासन यांचा ‘महानदी’ हा अ‍ॅव्हिड या संगणकीय प्रणालीवर संकलित झालेला पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. चित्रफितीवरील दृश्ये संगणकात उतरवावयाची, तेथे हवी तितक्या वेळा मांडून मोडावयाची, आणि निर्णय पक्का झाल्यावरच मूळ निगेटिव्हला कात्री लावावयाची, ही ती पद्धत. चुकीचे भय सरले आणि संकलकास प्रयोगाचे धैर्य आले.

अलीकडच्या काळात यंत्राने आणखी एक पाऊल टाकले आहे. निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या आवाजाच्या लहरी ताडून पाहून सॉफ्टवेअर त्या सर्वांचा मेळ आपोआप बसविते. क्लॅपच्या ठोक्याचीही गरज उरत नाही. २०२५ साली आलेल्या डाविंची रिझॉल्व्हच्या विसाव्या आवृत्तीत तर बोलणारी व्यक्ती ओळखून त्या कोनाचे दृश्य यंत्रानेच निवडण्याची सोय आहे. मुलाखत वा परिसंवाद यांच्या बाबतीत हे साहाय्य मोलाचे होय, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

परंतु जो बोलतो तोच पाहण्याजोगा, हे गृहीत सर्वत्र लागू पडते काय? कीर्तनाचाच दाखला घ्यावा. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची पद्धती आत्मसात करून तमिळ हरिकथेस नवे रूप दिले. म्हणजे हा आपल्या दोन्ही घरांचा ठेवा. कीर्तनात बोलतात ते बुवा. पण मागे झांजा वाजविणारा, आख्यान ऐकताना डोळ्यांस पदर लावणारी आजी, आईच्या मांडीवर पेंगुळलेले मूल, ही सारी मंडळी अवाक्षरही बोलत नाहीत. केवळ आवाजाच्या मागे जाणारे यंत्र त्यांना गाळील, आणि तेही यंत्राच्या हिशेबी अगदी बिनचूकपणे.

स्वदेशापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. मोठ्या घटनांचा इतिहास वृत्तपत्रे लिहितात. आपल्यासारख्या लहान समाजाचा इतिहास मात्र अशाच चित्रणांत साठत असतो. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, जुळणीचे काम यंत्राने खुशाल करावे. निवडीच्या वेळी मात्र मंडळींचे चेहरे ओळखणारे कोणी जाणते माणूस संकलकाच्या शेजारी बसवावे. सर्व कॅमेऱ्यांची मूळ चित्रणे, कार्यक्रमाचे नाव व दिनांक घालून, जपून ठेवावीत; संकलित प्रत हाती आली म्हणून ती पुसून टाकू नयेत. आज जे मूल पेंगुळले आहे, तेच पन्नास वर्षांनी आपल्या आजीचा चेहरा त्यांत शोधील.